फिल्मकडे परतताना : मूळ प्रतीचा प्रश्न

छायाचित्रकलेच्या प्रांतात सध्या एक चमत्कारिक उलटा प्रवाह वाहू लागला आहे. जिचे तेरावे आपण सर्वांनी मिळून घातले, ती फिल्म पुन्हा दारात येऊन उभी राहिली आहे. १९७५ साली कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने फिल्मवाचून चित्र टिपणारा कॅमेरा सिद्ध केला, तेव्हा त्याचे एक चित्र नोंदविण्यास २३ सेकंद लागत आणि ते कॅसेटच्या फितीवर साठवावे लागे. पुढच्या पस्तीस वर्षांत त्या अवजड यंत्राच्या वंशजांनी फिल्मला घराबाहेर काढले. कोडाक्रोम या विख्यात रंगीत फिल्मचे उत्पादन बंद करीत असल्याचे २००९ मध्ये जाहीर झाले. ती धुणाऱ्या जगातील अखेरच्या प्रयोगशाळेने २०१० सरताना ते काम स्वीकारणे थांबविले, आणि जानेवारी २०१२ मध्ये खुद्द कोडॅक कंपनी दिवाळखोरीचा अर्ज घेऊन न्यायालयात गेली. कथा येथे संपावयास हवी होती. परंतु २०१८ मध्ये त्याच कोडॅकने आपली बंद केलेली एक्टाक्रोम फिल्म पुन्हा बाजारात आणली. २०२२ मध्ये लायकाने आपला एम-६ हा जुना कॅमेरा पुनश्च बनविण्यास घेतला. आणि २०२४ मध्ये पेंटॅक्सने फिल्मवर चालणारा अगदी नवा कॅमेरा काढला. ज्यांनी रोल धुवायला टाकण्याचे दिवस पाहिलेही नाहीत अशी विशी-पंचविशीची मुले हे कॅमेरे गळ्यात अडकवून हिंडताना दिसतात.

ही केवळ लहर असती तर या पत्रिकेची पाने आम्ही तिच्यासाठी अडविली नसती. पण या परतण्याच्या समर्थनार्थ जी विधाने केली जातात ती सारी समीक्षेच्या भाषेतील आहेत. फिल्म अधिक सत्य आहे. फिल्म संयम शिकविते. फिल्मच्या चित्रात जिवंतपणा असतो. सत्य, संयम, जिवंतपणा हे शब्द आपण कवितेविषयी आणि कथेविषयी रोज वापरतो, आणि माध्यमाचा प्रश्न तर मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) या ग्रंथाद्वारे आपल्या समीक्षेच्या मध्यावर आणून ठेवलेला आहे. तेव्हा हे शब्द छायाचित्राच्या बाजारात कोणत्या भावाने विकले जात आहेत हे पाहण्याचा साहित्याच्या अभ्यासकांस अधिकार आहे असे आम्हांस वाटते.

निमित्त घडले ते आमच्या गावच्या जत्रेचे. आम्ही राहतो ते उळवी हे उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुक्यातले, रानाच्या कुशीतले लहानसे गाव. बाराव्या शतकात कल्याणच्या संघर्षानंतर बसवेश्वरांचे भाचे चन्नबसवण्णा शरणांसह येथे आले व येथेच त्यांची समाधी झाली, म्हणून लिंगायत समाजात या स्थानाचे माहात्म्य मोठे. माघी पौर्णिमेच्या सुमारास येथे रथोत्सव होतो आणि धारवाड, बेळगाव, हावेरी या बाजूंनी शृंगारलेल्या बैलगाड्या घाट-रान तुडवीत येतात. एरवी आमच्या परिसरातील मुले घरी कोंकणी बोलणारी, बाजारात कानडी बोलणारी आणि भजनात मराठी अभंग म्हणणारी. जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, त्याची ही एक खूण. जत्रेच्या आठवड्यात मात्र गावावर कानडीचा पूर लोटतो.

आमचा एक माजी विद्यार्थी, सध्या बंगळूरला संगणकाच्या नोकरीत असलेला, गेल्या जत्रेस जुना विकत घेतलेला फिल्म कॅमेरा घेऊन आला. छत्तीस चित्रांचा एक कृष्णधवल रोल त्याने चार दिवसांत पुरवून वापरला. महिन्याभराने ती चित्रे त्याने आम्हांस पाठविली आणि अभिप्राय मागितला. मुख्याध्यापकास विद्यार्थ्याच्या कामावर शेरा मारण्याची सवय असतेच. परंतु ही चित्रे शेऱ्यावर भागण्यासारखी नव्हती. त्यांतील सात-आठ खरोखर चांगली आहेत, एक फार चांगले आहे आणि उरलेल्यांचा दोष असा आहे की तो सबंध चळवळीचाच दोष ठरावा.

तो दोष प्रथम सांगतो. चित्रे पाहणाऱ्यास वाटावे की ही जत्रा पन्नास-साठ वर्षांपूर्वी भरून गेली. ध्वनिक्षेपक नाही, पाण्याचा टँकर नाही, प्लास्टिकची खुर्ची नाही, गाड्यांच्या बरोबरीने येणारे ट्रॅक्टर नाहीत. जे आहे ते सारे धुळीत आणि धुरात विरघळलेले, करड्या दाण्यांनी भरलेले. आम्ही त्यास विचारले, तेव्हा त्याने प्रांजळपणे सांगितले की तशा वस्तू चौकटीत आल्या की तो थांबत असे. म्हणजे फिल्म सत्य सांगते म्हणून ती हाती घेतली, आणि हाती घेतल्याबरोबर समोरचे निम्मे सत्य वगळण्यास आरंभ केला! आपल्याकडे ऐतिहासिक कादंबरीत एक काळ असा होऊन गेला की 'मुजरा' आणि 'जी महाराज' एवढ्यावर शिवकाल उभा राही. येथे दाणा आणि धूसरपणा यांनी तेच काम केले आहे. गतकाळाचा आभास निर्माण करणे ही कलेची एक युक्ती आहे, तिला सत्य म्हणण्याचे कारण नाही. आणि युक्तीच हवी असेल तर दूरध्वनीवरचे एखादे बटण दाबून कोणत्याही चित्रावर असा दाणा विखुरता येतो, त्यासाठी एवढा महाग रोल खर्ची घालावयास नको.

अपवाद दोन-तीन. एका चित्रात बैलगाडीचे रबरी टायरचे चाक अर्धी चौकट व्यापून आहे, वर झालर आणि घुंगरे, खाली झिजलेला टायर. हे चित्र आजचे आहे, आणि म्हणूनच जुन्यात बसण्याची धडपड करणाऱ्या बाकीच्या चित्रांहून ते सरस उतरले आहे. तेविसावे चित्र सर्वांत चांगले. जुवापाशी टेकून एक सिद्दी वृद्धा बसली आहे, तिच्यामागे दोन पांढरेशुभ्र खिल्लारी बैल उभे आहेत, आणि तिची मान किंचित वळलेली आहे, जणू बैलांपैकी एकाने काही सांगितले आहे. मांडणीत कोठेही ओढाताण नाही. एकच उणीव : तिचा चेहरा जवळजवळ काळा ठिपका झाला आहे. डोळे असावेत असे समजून घ्यावे लागते.

आम्ही त्यास लिहिले की या चित्राची दुसरी, उजळ प्रत करून पाहा. निगेटिव्हमध्ये चेहरा बहुधा असेल. त्याचे उत्तर आले : "सर, निगेटिव्ह माझ्याकडे नाहीत. लॅबने स्कॅन पाठवले, तेवढे पुरतात. निगेटिव्ह परत मागवायच्या तर कुरिअरचे वेगळे पैसे पडतात, म्हणून नको म्हटलं."

हे वाचून आम्ही बराच वेळ स्वस्थ बसलो. पुढे चौकशी करता असे कळले की यात त्या मुलाचा विशेष अपराध नाही, ही आता रीतच होऊन बसली आहे. रोल धुणाऱ्या ठिकाणी यंत्राने चित्रे वाचून घेतात, ती तारायंत्राहूनही जलद गतीने ग्राहकाच्या दूरध्वनीवर जाऊन पडतात, आणि मूळ फिल्मची पट्टी कोणी मागितली नाही तर काही काळाने टाकून दिली जाते. फिल्मकडे परतण्याचा हा सोहळा अशा रीतीने फिल्म टाकून देऊन साजरा होत आहे.

आमच्या मते या चळवळीची सारी कसोटी याच एका ठिकाणी आहे. फिल्म आणि आजचा कॅमेरा यांत खरा भेद कोणता? प्रकाशाचा स्पर्श दोहोंस होतो. रोलां बार्त या फ्रेंच समीक्षकाने १९८० साली छायाचित्रावर जो ग्रंथ लिहिला त्यात छायाचित्राचे मर्म 'हे होते' या साक्षीत आहे असे प्रतिपादन केले, आणि त्याच्या आधाराने फिल्मवाले म्हणतात की ही साक्ष फक्त फिल्मच देते. हे खरे नव्हे. आजच्या कॅमेऱ्यातील पटलावरही समोरच्या वस्तूवरून आलेलाच प्रकाश पडतो, तेही 'हे होते' असेच म्हणते. भेद आहे तो पुढे. आम्हां शिक्षकांस तो पाटी आणि वही यांच्या उदाहरणाने चटकन समजेल. आजच्या कॅमेऱ्याचे पटल ही पाटी आहे : अक्षर उमटले, ते दुसरीकडे उतरून घेतले, पाटी पुसली, पुढचे अक्षर. प्रकाशाने ज्या पृष्ठाला स्पर्श केला ते पृष्ठ उरत नाही, त्याचा वृत्तान्त उरतो. फिल्ममध्ये प्रकाशाने स्पर्श केलेले पृष्ठ तेच जपले जाते. चांदीच्या क्षारांच्या बारीक कणांवर प्रकाश पडतो, डोळ्यास न दिसणारा बदल होतो, मग अंधाऱ्या खोलीत रसायनाने तो प्रकट होतो. त्या क्षणी तेथे जे होते त्याने घडविलेली ती वस्तू आपल्या हातात राहते. ती वस्तूच टाकून दिली, तर उरला वृत्तान्त; मग तो पाटीवरून घेतला काय आणि वहीवरून घेतला काय, सारखेच.

येथे एक इतिहासाची गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. वॉल्टर बेंजामिन या जर्मन लेखकाचा यांत्रिक पुनर्निर्मितीवरचा निबंध १९३६ साली प्रथम प्रसिद्ध झाला. त्यात त्याने असा मुद्दा मांडला की एका निगेटिव्हवरून कितीही प्रती निघू शकतात, तेव्हा 'अस्सल प्रत कोणती' हा प्रश्नच निरर्थक होतो. त्याच्या दृष्टीने निगेटिव्ह हे अस्सलपणाच्या अंताचे साधन होते. नव्वद वर्षांनंतर आज पाहावे तो छायाचित्राच्या जगात 'अस्सल' म्हणून बोट ठेवता येईल अशी जी एक वस्तू शिल्लक आहे ती हीच. काळाने बेंजामिनला खोटे पाडले नाही, पण त्याच्या वाक्याची पाठ मात्र पोटाकडे केली.

मराठीच्या अभ्यासकास हा प्रश्न परका नाही. ज्ञानेश्वरीच्या हातोहात झालेल्या प्रतींत अपपाठ शिरले म्हणून एकनाथांनी शके १५०६ मध्ये ती शुद्ध केली. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाड्यांनी एकनाथपूर्व म्हणून एका जुन्या पोथीवरून ज्ञानेश्वरी छापली. छापील प्रत आज आहे, पण ती पोथी पुढे अभ्यासकांच्या हाती राहिली नाही, आणि म्हणून त्या पाठांविषयीचा कितीतरी वाद कायमचा निर्णयाबाहेर गेला. मुद्रित प्रत कितीही काळजीने काढलेली असो, तीत संपादकाचे वाचन मिसळलेले असते. दुसऱ्यास वेगळे वाचावयाचे असेल तर मूळ पोथीच उघडावी लागते. लॅबमधून आलेले स्कॅन हे असेच एक वाचन आहे, आणि तेही बहुधा यंत्राने घाईत केलेले. बैलांच्या पांढरेपणास प्रमाण धरून त्या यंत्राने सिद्दी वृद्धेचा चेहरा अंधारात लोटला. हा पाठ आम्हांस मान्य नाही असे म्हणावयाचे तर पोथी कोठे आहे?

संयमाच्या युक्तिवादाविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. रोलमध्ये छत्तीसच चित्रे असतात, म्हणून माणूस विचार करून टिपतो, असे सांगतात. तसे असते तर जुन्या काळचे सर्व कौटुंबिक संग्रह कलाकृतींनी भरून गेले असते. आमच्याच घरचा दाखला देतो. काळी नदीवर गणेशगुडीपाशी सुपा धरण उभे राहिले आणि १९८० च्या दशकात जुने सुपा गाव व काठची वस्ती पाण्याखाली गेली. तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले, कितीक कुटुंबे रामनगरास वसविली गेली. आमचे घर त्या पाण्याच्या वाटेवर होते. घर सोडण्यापूर्वी वडिलांनी एका स्नेह्याकडून आग्फा क्लिक-३ कॅमेरा मागून आणला. त्यात १२० चा रोल पडे आणि बारा चौकोनी चित्रे येत. बारा चित्रांत एक सबंध आयुष्य बसवावयाचे होते. याहून मोठी मर्यादा कोणती? त्यांतील नऊ आली. चार चित्रांत खुर्च्या मांडून बसलेली मंडळी आहेत, त्यांत गावी आलेले एक अधिकारी मध्यभागी. दोन चित्रे देवळाची. एक बैलांचे. एकात वडिलांचा अंगठा. घराचे एकच आहे आणि त्यातही आई दाराआड अर्धी लपलेली. नदीचे एकही चित्र नाही. नदी नेहमीचीच, तिचा फोटो कशाला, असे त्यांस वाटले असणार. मर्यादेने त्यांस काय पाहावे हे शिकविले नाही. ते शिकविण्यास पुढे नदीचेच धरण व्हावे लागले.

आणि तरीही त्या नऊ निगेटिव्ह आमच्याजवळ आहेत. दांडेलीच्या स्टुडिओतून आलेल्या त्याच पिवळट लिफाफ्यात, पुढे पत्र्याच्या डब्यात, आणि तो डबा चुलीवरच्या माळ्यावर. आमच्याकडे चार महिने पाऊस असा पडतो की पुस्तकांस, चामड्यास, भिंगांस सर्वांस बुरशी धरते, म्हणून कोरडी राहावी ती वस्तू चुलीवर ठेवावयाची ही घरोघरची रीत. फिल्मला उष्णता मानवत नाही हे शास्त्र वडिलांस ठाऊक नव्हते. दोन निगेटिव्हवर बुरशीची जाळी पसरली आहे. पंचवीस वर्षे तो डबा कोणी उघडला नाही. उघडला तेव्हा दाराआडची आई होती तेथेच होती.

याच्या शेजारी शाळेची हकिकत ठेवतो. दरवर्षीचा वर्गाचा फोटो पूर्वी दांडेलीहून फोटोवाला येऊन काढीत असे. ते सारे भिंतीवर आहेत, कडांना वाळवी लागलेले, पण आहेत. नंतर शाळेचाच लहान डिजिटल कॅमेरा आला आणि सात वर्षांची संमेलने, सहली, वर्ग, निवृत्त शिक्षकांचे निरोप-समारंभ हे सारे एका तबकडीत साठविले गेले. ती तबकडी एके दिवशी चालेना. दुसरी प्रत करून ठेवावयास हवी होती, हा दोष आमचाच, तो यंत्रावर ढकलण्याचा विचार नाही. डिजिटल चित्राची प्रत मूळाशी बिंदुबिंदूने एकरूप असते, आणि जो कोणी सतत प्रती करीत राहील त्याचे चित्र फिल्महूनही अधिक टिकेल, हे मान्य केलेच पाहिजे. पण त्यास सदैव जागा राहणारा राखणदार लागतो. आणि आमच्यासारख्या गावातील शाळा, देवस्थाने, घरे यांत दुर्मिळ काय असेल तर तो राखणदार. फिल्मचा गुण हा की ती दुर्लक्ष सोसते. फार नाही, पण पुष्कळ सोसते. टॅल्बट या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३५ साली आपल्या घराच्या जाळीदार खिडकीचे टपाल-तिकिटाएवढे निगेटिव्ह केले, ते आज १९० वर्षांनंतरही अस्तित्वात आहे. होमाई व्यारावाला यांनी १९७० च्या सुमारास कॅमेरा खाली ठेवला, आणि त्यांच्या कामाचा सविस्तर ग्रंथ २००६ मध्ये निघाला. मधल्या तीन तपांच्या विस्मृतीतून ते काम पुन्हा उजेडात येऊ शकले, कारण उघडण्याजोगे काही तरी पेटीत उरले होते. अर्थात आगीपुढे कोणाचे चालत नाही. पुण्यात २००३ साली जुन्या चित्रपटांच्या ज्वालाग्राही फिती जळाल्या, ती जखम मराठी माणसास ठाऊक आहे.

एवढे म्हटल्यावर दुसरी बाजू मांडली नाही तर ते अन्यायाचे होईल. फिल्मच्या सुवर्णयुगाची आठवण काढणाऱ्यांनी आमच्या तालुक्यातील कुणबी आणि सिद्दी वस्त्यांत जाऊन भिंती पाहाव्यात. त्या युगात तेथे फोटो नव्हताच. फोटो म्हणजे दांडेली किंवा हळियाळची वाट, दिवसाची मजुरी बुडविणे आणि वर पैसे. माणूस गेल्यावर ओळखपत्रावरचा तिकिटाएवढा चेहरा मोठा करून हार घालावयाचा, एवढाच त्यांचा छायाचित्रकलेशी संबंध. आज त्याच घरातील मुलगी आपल्या आजीचे चित्र आपल्या हाताने टिपते, कोणाची परवानगी न मागता. हे डिजिटलने दिले. फिल्म ते देऊ शकली नव्हती आणि आजच्या भावाने तर मुळीच देणार नाही.

शिवाय फिल्मचा जो सत्यनिष्ठेचा डौल आहे त्यालाही येथेच तडा जातो. कोडॅक कंपनी रंगीत चित्रांचे रंग जुळविण्यासाठी प्रयोगशाळांस एक नमुना-चित्र देत असे, आणि त्यावर वर्षानुवर्षे गोऱ्या स्त्रीचाच चेहरा असे. 'शर्ली कार्ड' या नावाने ते ओळखले जाई. तिची त्वचा नीट दिसली की रंग नीट, असे गणित. काळ्या त्वचेचे काय होते याची फिकीर दीर्घकाळ कोणी केली नाही. आणि पुढे सुधारणा झाली तिच्या कारणांत चॉकलेट आणि लाकडी सामान यांच्या जाहिरातदारांची तक्रारही होती असे संशोधकांनी दाखवून दिले आहे. प्रकाशमापक तर समोर दिसेल ते सारे मध्यम करडे आहे असे समजून चालतो, मग तो कृष्णधवल रोलच्या कॅमेऱ्यात असो की आजच्या. आमच्या शाळेच्या भिंतीवरील जुन्या वर्गचित्रांत सिद्दी मुले ओळखावयाची तर दातांवरून आणि उभे राहण्याच्या जागेवरून ओळखावी लागतात. एक मुलगा आज पन्नाशीचा आहे, तो येतो आणि तिसऱ्या रांगेतील एका काळ्या ठिपक्यावर बोट ठेवून आपल्या नातवास सांगतो, "हो हांव." फिल्म सत्य सांगते असे त्याच्यासमोर म्हणण्याचे धाडस आम्हांस होणार नाही. तेविसाव्या चित्राविषयी आम्ही इतके अडून बसलो त्याचे हेही एक कारण आहे. एक चेहरा पुन्हा तसाच ठिपका होऊन राहणार होता.

मग परतावयाचे असेल तर कशाकडे? आमचे उत्तर असे की रोल विकत घेण्याने कोणी फिल्मकडे परतत नाही. निगेटिव्ह जपणारा आणि तिच्यावरून पुन्हा पुन्हा वाचणारा परततो. त्यासाठी थोडे हात ओले करावे लागतात. आपल्याकडे ही परंपरा नाही असे नाही. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली तेव्हा भाऊ दाजी आणि त्यांचे बंधू नारायण दाजी हे डॉक्टर लोक त्या नादात होते. हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत ती विद्या शिकून व्यवसाय केला. आणि त्र्यंबकेश्वरच्या दादासाहेब फाळक्यांनी 'अंकुराची वाढ' या लहानशा चित्रपटासाठी एका वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी करून टिपली. ही माणसे आपली रसायने आपण ढवळीत. उदकमंडलम येथे हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना १९६० मध्ये स्थापन झाला, त्याची 'इंदू' फिल्म आमच्या पिढीने वापरली. तो कारखाना बंद पडला आणि आता बाहेरून येईल त्या रोलवर आपली गुजराण आहे. शेजारच्या गोव्यात गोवा सेंटर फॉर ऑल्टरनेटिव्ह फोटोग्राफी या संस्थेने सुईच्या छिद्राचे कॅमेरे आणि जुन्या मुद्रणपद्धती हाताने करून शिकविण्याचे काम केले आहे. भिंगाचे मोल आणि यंत्राचा तोरा बाजूला सारून पत्र्याच्या डब्याने आरंभ करण्याची ही रीत आम्हांस अधिक निरोगी वाटते. एखाद्या शाळेस ती सहज जमेल. (शाळेच्या प्रयोगशाळेतील हायपो आमच्याकडे कित्येक वर्षे केवळ स्फटिकांचा पाठ शिकविण्यापुरता बाटलीत पडून आहे, हे येथे कबूल करतो.)

त्या विद्यार्थ्यास आम्ही ज्ञानेश्वरीच्या पोथीची हकिकत सविस्तर लिहून कळविली. लॅबने सुदैवाने पट्ट्या अद्याप टाकल्या नव्हत्या. कुरिअरचे पैसे भरून त्याने त्या थेट आमच्याच पत्त्यावर मागविल्या, आणि ऐन मृगाच्या पावसात तो लिफाफा उळवीस पोहोचला. तेविसावे निगेटिव्ह आम्ही खिडकीच्या काचेवर धरून शाळेच्या भिंगाने पाहिले. बैल तेथे काळेकुट्ट आहेत, आणि चेहऱ्याचा भाग पातळ असला तरी कोरा नाही : डोळे आहेत, कपाळावरच्या आठ्या आहेत, गळ्यात मण्यांची दुपदरी माळ आहे, आणि ओठ बोलण्याच्या बेतात उघडलेले आहेत. स्कॅनमध्ये यांतील काहीही नव्हते. ती बैलाचे ऐकत नव्हती, कोणाशी तरी बोलत होती. आमचे वरचे वर्णन तेवढे दुरुस्त करून घ्यावे.

दिवाळीच्या सुट्टीत तो येणार आहे. शाळेची भांडाराची खोली रिकामी करून, खिडकीला काळे कापड लावून, चित्र मोठे करण्याचे एक जुने यंत्र तो कोणाकडून मागून आणणार आहे. सबंध कागद उजळ ठेवला तर बैल पांढरे फटक होऊन नाहीसे होतील, तेव्हा चेहऱ्यापुरता प्रकाश पुठ्ठ्याच्या तुकड्याने काही सेकंद अडवावा लागेल. किती सेकंद, हे कागद वाया घालवूनच कळेल. पहिली प्रत त्या वृद्धेस नेऊन द्यावयाची आहे. ती वरच्या वाडीतली असल्याचे आमच्या शिपायाने ओळखले आहे. वडिलांच्या नऊ निगेटिव्हही आम्ही डब्यातून काढून ठेवल्या आहेत.